सातबारा डॉलीच्या नावावर

व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' मी पहिल्यांदा ऐकलं ते नव्वदच्या दशकात, कॅसेटवर. 'द बॉडीगार्ड' सिनेमा आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, पण कॅसेट वर्गभर फिरत होती. माझी पाळी आली तेव्हा आतला घडीचा कागदसुद्धा मी वाचून काढला. गाण्याच्या नावाशेजारी मुंगीएवढ्या अक्षरात एक नाव होतं, डॉली पार्टन. ही कोण, असा प्रश्न काही तेव्हा पडला नाही. जो गातो त्याचं गाणं, एवढंच आपल्याला ठाऊक.

त्या मुंगीएवढ्या अक्षरांची किंमत कळायला बरीच वर्षं गेली. हा लेख तिच्याबद्दल आहे. म्हणजे डॉली पार्टन या अमेरिकन कंट्री गायिकेबद्दल, आणि 'गाण्याचे पैसे नक्की कुणाच्या खिशात जातात' या प्रश्नाबद्दल, जो भल्याभल्यांना चकवतो. दोन्ही एकाच लेखात कोंबायचं कारण असं की डॉलीच्या बाबतीत ते सुटे करताच येत नाहीत.

सुरुवात एका फोनपासून करू.

१९७४ साल. डॉली २८ वर्षांची. तिनं स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेलं. निरोप आला की रॉक अँड रोलचा बादशहा एल्व्हिस प्रेस्ली, त्याला हे गाणं गायचंय. एल्व्हिस! ती हुरळून गेली, चार लोकांना सांगूनही बसली. आणि रेकॉर्डिंगच्या अगदी तोंडावर एल्व्हिसचा मॅनेजर, कर्नल टॉम पार्कर, याचा फोन आला. एल्व्हिस जे गाणं गातो त्याच्या पब्लिशिंगमध्ये, म्हणजे रचनेच्या मालकीत, आमचा अर्धा वाटा असतो, हा आमचा नियम आहे, तेव्हा कागद करून टाकू.

डॉली नाही म्हणाली. त्या रात्री ती रडली, हेही तिनंच पुढे अनेकदा सांगितलं. एल्व्हिसनं ते गाणं कधीच रेकॉर्ड केलं नाही.

हा किस्सा बहुतेक ठिकाणी स्वाभिमानाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला त्यात स्वाभिमानापेक्षा व्यवहार जास्त दिसतो. पार्कर नेमकं काय मागत होता हे त्या बाईला पुरतं कळलेलं होतं, आणि ते कळण्यामागे एक डोंगर, एक बाप आणि एक शहर आहे.

बारा पोरं आणि मक्याच्या पिठाचं पोतं

टेनेसी राज्याच्या पूर्वेला ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाची डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याशी सेव्हियर कौंटीत १९ जानेवारी १९४६ला डॉलीचा जन्म झाला. बारा भावंडांत ती चौथी. घर म्हणजे लाकडी ओंडक्यांची खोपटवजा खोली, वीज नाही, नळ नाही. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते, म्हणून बापानं त्याला मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. बाप, रॉबर्ट ली पार्टन, आधी दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीनं राबला, पुढे स्वतःची तंबाखूची शेती केली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण व्यवहाराला मोठा पक्का होता असं डॉली सांगते.

अर्धेली हा शब्द लक्षात ठेवा. राबायचं आपण, आणि पिकातला वाटा जाणार ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. ज्यांच्या घरात कुळाची शेती होती त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आई एव्ही ली गायची. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी दोनशे वर्षांपूर्वी सोबत आणलेली लांबलचक कथागीतं त्या डोंगरात तोंडोतोंडी टिकली होती. कोण कुणावर भाळलं, कुणी कुणाला नदीत ढकललं, असली. त्यात चर्चमधली भजनं मिसळली, काळ्या लोकांचं ब्लूज मिसळलं, ज्याचे पूर्वज आफ्रिकेतून आले असं बँजो हे वाद्य मिसळलं. या सगळ्याचा जो रस्सा झाला त्याला आज आपण कंट्री म्युझिक म्हणतो. एकंदरीत साधी चाल, चार-पाच सूर, आणि त्यात सांगितलेली गोष्ट. गोष्ट नसेल तर कंट्री गाणं उभंच राहत नाही.

आता गंमत बघा. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीला मालक नसतो. आजीनं आईला दिली, आईनं लेकीला. त्या डोंगरातल्या गाण्यांचंही तसंच होतं. मग १९२७च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस व्हिक्टर कंपनीचं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन टेनेसी-व्हर्जिनिया सीमेवरच्या ब्रिस्टल गावात आला. कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स ही कंट्रीची पहिली मोठी नावं त्या एका मुक्कामात सापडली. कंपनीकडून पीअर पगार घेत नव्हता. त्यानं मागितलं होतं एकच, जी गाणी मी शोधून आणीन त्यांचे पब्लिशिंगचे हक्क माझे. कंपनीला वाटलं, बरा स्वस्तात मिळाला. पुढे तो त्याच कागदांवर गबर झाला. कार्टर घराण्यातले ए. पी. कार्टर खेडोपाडी हिंडून जुनी गाणी गोळा करायचे आणि स्वतःच्या नावावर नोंदवायचे. म्हणजे बिनमालकाच्या गायरानावर नावं चढायला सुरुवात झाली.

नॅशव्हिल शहर त्यातून मोठं झालं. तिथे १९२५पासून 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओवरचा गाण्यांचा कार्यक्रम चालू होता, म्हणून गायक तिथे जमत. १९४२ साली रॉय अकफ आणि फ्रेड रोझ यांनी तिथे गाण्यांची पब्लिशिंग कंपनी काढली, आणि मग गाणी लिहिणारेही जमायला लागले. नॅशव्हिलला लोक गायकांचं गाव समजतात. माझ्या मते ते आधी कागदपत्रांचं गाव आहे.

मामा, लाँड्री आणि पोर्टर वॅगनर

डॉलीच्या हातात पहिली धड गिटार दिली ती मामानं, बिल ओवेन्सनं. त्यानंच तिला नॉक्सव्हिलच्या रेडिओवर नेलं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. तेराव्या वर्षी ती ऑप्रीच्या रंगमंचावर उभी राहिली, तिची ओळख करून द्यायला जॉनी कॅश हा बडा कंट्री गायक होता. १९६४ साली शाळा संपली आणि दुसऱ्या दिवशी ती बस धरून नॅशव्हिलला गेली. पहिल्याच दिवशी कपडे धुवायला एका लाँड्रीत गेली आणि दारात कार्ल डीन भेटला. रस्त्यांवर डांबर घालायचा त्याचा धंदा. १९६६ साली लग्न झालं. हा गृहस्थ जवळपास साठ वर्षं तिच्यासोबत राहिला आणि कॅमेऱ्यासमोर जवळजवळ कधीच आला नाही. मार्च २०२५ मध्ये तो गेला.

सुरुवातीला डॉली आणि बिलमामा दुसऱ्याच्या पब्लिशिंग कंपनीसाठी गाणी लिहायचे. १९६६ साली दोघांनी मिळून लिहिलेलं एक गाणं बिल फिलिप्स या गायकानं गायलं आणि ते बरंच चाललं. लिहिणारे म्हणून दोघांना पैसे मिळाले, पण गाणं कंपनीचं होतं. पुन्हा अर्धेली. मग मामा-भाचीनं स्वतःचीच कंपनी काढली. ओवेन्समधला 'ओव' आणि पार्टनमधला 'पार' जोडून नाव ठेवलं ओव-पार. विशीतली, गावाकडून आलेली, सोनेरी केसांचा मोठा टोप घालणारी मुलगी. तिला कुणी फारसं गांभीर्यानं घेत नव्हतं, आणि तिचं पहिलं बरं चाललेलं गाणंही नेमकं याच विषयावर होतं. त्या मुलीनं तेवढ्यात पुढच्या आयुष्याची जमीन स्वतःच्या नावावर करून टाकली होती.

१९६७ साली तिला पोर्टर वॅगनरनं आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं. पोर्टर म्हणजे त्या काळातलं बडं प्रस्थ, अंगात चमचमणाऱ्या खड्यांनी मढवलेले सूट. त्याच्या आधीच्या सहगायिकेवर प्रेक्षकांचा जीव होता, त्यामुळे सुरुवातीला डॉली स्टेजवर आली की लोक त्या आधीच्या गायिकेच्या नावानं ओरडायचे. डॉली टिकली. दोघांची द्वंद्वगीतं गाजायला लागली.

त्या काळातला एक प्रसंग मला फार आवडतो. १९६९ साल, रात्रीचा प्रवास, बसमध्ये सगळे पेंगलेले. डॉलीला गाणं सुचलं आणि लिहायला कागद मिळेना. पोर्टरचे ते चमचमते सूट ड्राय क्लिनिंगहून आले होते, त्यांना पावत्या टाचलेल्या होत्या. तिनं एक पावती ओढून काढली आणि तिच्या पाठीमागे लिहायला सुरुवात केली. गाणं होतं तिच्या लहानपणच्या कोटाचं. आईनं चिंध्या जोडून शिवलेला रंगीबेरंगी कोट घालून पोर ऐटीत शाळेत जाते आणि बाकीची मुलं तिला हसतात. हे 'कोट ऑफ मेनी कलर्स' १९७१ साली आलं. आपल्या गोधडीसारखंच ते प्रकरण आहे, म्हणून असेल कदाचित, पण कंट्रीचा गंध नसलेल्या माणसालाही मी आधी हेच गाणं ऐकवतो.

सात वर्षांनी तिला पोर्टरच्या सावलीतून बाहेर पडायचं होतं. तो ऐकेना. बोलून भांडणच वाढतं हे बघून तिनं घरी जाऊन गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात एकटीनं गिटारवर म्हणून दाखवलं. जाते, पण माझं प्रेम कायम राहील, एवढाच भाव. पोर्टरच्या डोळ्यात पाणी आलं. जा म्हणाला, पण या गाण्याचं रेकॉर्डिंग मी करणार. तेच ते 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. प्रेमाचं गाणं म्हणून लोक लग्नातसुद्धा वाजवतात, पण मुळात तो नोकरीचा राजीनामा आहे. (राजीनामा मिळूनही १९७९ साली पोर्टरनं तिच्यावर ३० लाख डॉलरचा दावा लावलाच. तो कोर्टाबाहेर मिटला. पुढे दोघांची दिलजमाईही झाली.)

गाणं म्हणजे जमीन, रेकॉर्ड म्हणजे पीक

आता त्या फोनकडे परत. पार्कर 'पब्लिशिंग' म्हणून काय मागत होता?

कायद्याच्या नजरेत आपण ऐकतो त्या प्रत्येक गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, शब्द आणि चाल. ती कागदावर लिहून ठेवली, कुणीही गायली नाही, तरी मालमत्ता असतेच. दुसरी म्हणजे त्या रचनेचं एखादं ठरावीक रेकॉर्डिंग, अमक्या दिवशी अमक्यानं गाऊन ठेवलेलं. पहिलीला धंद्यात पब्लिशिंग म्हणतात, दुसरीला मास्टर.

शेताच्या भाषेत सांगायचं तर रचना ही जमीन, रेकॉर्डिंग हे त्यावरचं एका हंगामाचं पीक. डॉलीनं १९७३ साली घेतलेलं पीक आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं. १९७५ साली लिंडा रॉनस्टॅट या गायिकेनं त्याच जमिनीवर दुसरं पीक घेतलं. १९९२ साली व्हिटनीनं तिसरं. पिकं वेगवेगळ्या कंपन्यांची, पण जमीन एकच, आणि प्रत्येक पिकामागे जमिनीच्या मालकाला खंड द्यावाच लागतो.

या खंडाचेही दोन भाग असतात. रिवाज असा की निम्मा लिहिणाऱ्याचा आणि निम्मा पब्लिशिंग कंपनीचा. लिहिणाऱ्याची स्वतःची कंपनी नसेल तर दुसरा निम्मा भाग परस्पर दुसरीकडे जातो. डॉलीच्या गाण्याचं पब्लिशिंग तिच्या घरच्या कंपनीकडे होतं. पार्करला त्या पब्लिशिंगचा अर्धा भाग हवा होता, आणि तोही एल्व्हिसच्या रेकॉर्डपुरता नव्हे. एकदा सातबाऱ्यावर नाव चढलं की पुढे ती जमीन कुणीही कसली तरी वाटा जातच राहणार.

एल्व्हिसच्या बाजूनं हे नवीन काहीच नव्हतं. पन्नासच्या दशकापासून त्याच्या नावानं पब्लिशिंग कंपन्या होत्या आणि लिहिणारे मुकाट वाटा सोडत. १९५६चं 'डोन्ट बी क्रुएल' ओटिस ब्लॅकवेलनं लिहिलं, पण लेखक म्हणून शेजारी एल्व्हिसचंही नाव आहे. एल्व्हिसनं गायलं तर लाखोंनी खपणार, मग शंभरातले पन्नास गेले तरी काय बिघडलं, असा लिहिणाऱ्यांचा हिशेब. तो चुकीचा होता असंही म्हणता येत नाही. नव्या लेखकासाठी तो बरोबरच होता. पण डॉलीचं गाणं तोवर एकदा पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेलं होतं. पडीक जमीन अर्धेलीनं देणं वेगळं आणि हातातोंडाशी आलेली विहीर-बागायत देणं वेगळं.

इथे एक गोष्ट आहे जी हा किस्सा सांगणारे सहसा सांगत नाहीत. एल्व्हिसला डॉलीच्या परवानगीची गरजच नव्हती! अमेरिकेच्या कायद्यात १९०९पासून अशी सोय आहे की एखादं गाणं एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की नंतर कुणीही त्याची स्वतःची आवृत्ती काढू शकतो. मालकाला विचारायची गरज नाही, फक्त सरकारनं ठरवलेला दर प्रत्येक रेकॉर्डमागे द्यायचा. १९७४ साली तो दर गाण्यामागे दोन सेंट होता, आणि १९०९ सालीही दोनच सेंट होता. पासष्ट वर्षं तसाच. म्हणजे एल्व्हिसनं दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन गाणं गायलं असतं तर डॉली त्याला अडवू शकली नसती. त्याला अडवलं ते त्याच्याच मॅनेजरच्या नियमानं. वाटा मिळत नसेल तर गायचंच नाही.

त्यामुळे मला या गोष्टीत डॉलीपेक्षा एल्व्हिसचं जास्त वाईट वाटतं. त्याला ते गाणं गायचं होतं.

मग व्हिटनी आली

अठरा वर्षं गेली. 'द बॉडीगार्ड'साठी शेवटी वाजणारं गाणं शोधत होते. आधी ठरवलेलं गाणं नुकतंच दुसऱ्या सिनेमात येऊन गेलं होतं, तेव्हा सिनेमाचा नायक केविन कॉस्टनरनं लिंडा रॉनस्टॅटची आवृत्ती पुढे केली. इथे मात्र परवानगी लागते. वर सांगितलेली सोय फक्त रेकॉर्डपुरती आहे. चित्रासोबत गाणं वापरायचं तर मालकाशी सौदा करावा लागतो, आणि मालक नाहीही म्हणू शकतो. संगीत करणारा डेव्हिड फॉस्टर डॉलीशी बोलला तेव्हा तिच्या लक्षात आलं की यांच्याकडे लिंडाची आवृत्ती आहे आणि तीत शेवटचं कडवंच नाही. तुझं भलं होवो म्हणणारं ते कडवं नसेल तर गाण्यात उरलं काय? तिनं ते त्याला सांगितलं, आणि व्हिटनीच्या आवृत्तीत कडवं परत आलं.

डॉलीनं ते पहिल्यांदा ऐकलं ते गाडी चालवताना, रेडिओवर. सुरुवातीला वाद्यं नाहीत, नुसता आवाज. काहीतरी ओळखीचं वाटतंय एवढंच तिला कळलं, आणि वाद्यं येऊन व्हिटनीचा आवाज चढला तेव्हा गाडी रस्त्यावरून जाता जाता राहिली.

गाणं अमेरिकेत सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ढोबळ हिशेब करून पाहू. १९९२-९३ साली सरकारी दर होता प्रतीला ६.२५ सेंट. अमेरिकेत सुटं गाणं पहिल्या काही महिन्यांतच ४० लाखांच्या घरात गेलं, म्हणजे अडीच लाख डॉलर. सिनेमाच्या अल्बमच्या अमेरिकेतच १ कोटी ७० लाख प्रती गेल्या. पुढे दर वाढत गेले, पण जुन्याच दरानं धरलं तरी आणखी साडेदहा लाख डॉलर. म्हणजे नुसत्या अमेरिकेतल्या कॅसेट-सीडीवर तेरा लाखांच्या आसपास, त्यातले निम्मे पब्लिशिंगचे. पार्करच्या कागदावर सही झाली असती तर त्या निम्म्यातला निम्मा, सव्वातीन लाख डॉलर, एल्व्हिसच्या बाजूला गेला असता. एल्व्हिसला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. जमिनीच्या हक्काला माणसाच्या मरणाचं काही नसतं. गाणं लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरही तो हक्क अनेक दशकं चालतो.

आणि यात रेडिओ धरलेलाच नाही. अमेरिकेतला रेडिओचा नियम तर ऐकून विश्वास बसत नाही. साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की त्याचे पैसे रचनेच्या मालकाला मिळतात, गाणाऱ्याला आणि रेकॉर्ड कंपनीला काही नाही. म्हणणं असं की रेडिओ त्यांची फुकट जाहिरातच करतोय. म्हणजे १९९३ साली दिवसातून पन्नासदा ते गाणं वाजलं तरी त्यापोटी व्हिटनीला छदाम नाही, डॉलीला प्रत्येक वेळी थोडे थोडे. व्हिटनीचा आवाज खरा चमत्कार होता, त्या मानानं हा नियम मला अन्यायाचाच वाटतो. आपल्याकडेही हे भांडण जुनं आहे. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाई साठच्या दशकात अडून बसल्या, मोहम्मद रफींना ते पटलं नाही आणि दोघं काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा काढून घेता येणार नाही अशी तरतूद आपल्या कायद्यात यायला २०१२ साल उजाडलं.

डॉली काही नेहमीच जमिनीच्या बाजूला नव्हती. १९७७चं 'हिअर यू कम अगेन' तिला कंट्रीच्या बाहेर घेऊन गेलं, ते बॅरी मान आणि सिंथिया वाइल यांनी लिहिलेलं. १९८३ साली केनी रॉजर्सबरोबरचं 'आयलंड्स इन द स्ट्रीम' तुफान चाललं, ते बी जीज बंधूंचं. या दोन्ही वेळी ती कसणारी आणि खंड दुसऱ्यांना. उलट १९८०च्या 'नाइन टू फाइव्ह' सिनेमाच्या वेळी ती शूटिंगच्या मधल्या वेळात बसून आपली लांब कृत्रिम नखं एकमेकांवर घासायची. टाइपरायटरसारखा खटखट आवाज यायचा, त्या ठेक्यावर तिनं ऑफिसात राबणाऱ्या बायकांचं गाणं रचलं. रेकॉर्डिंगमध्येही ती नखं वाजलीत. ते गाणं पूर्ण तिचं. (टेलर स्विफ्टनं आपले जुने अल्बम २०२१पासून पुन्हा का गायले हे कोडं ज्यांना पडलं असेल त्यांना आता उत्तर मिळालं असेल. तिच्याकडे जमीन होती, जुनी पिकं दुसऱ्याच्या कोठारात होती. म्हणून तिनं नवं पीक घेतलं.)

पैशाचं काय केलं

व्हिटनीच्या गाण्यातून आलेल्या पैशातून आपण नॅशव्हिलमध्ये काळ्या लोकांच्या वस्तीत एक इमारत घेतली, असं डॉलीनं २०२१ साली एका मुलाखतीत सांगितलं. व्हिटनीच्या लोकांच्या शेजारी राहावं म्हणून. त्याआधी १९८६ साली ती गावाकडच्या एका करमणूक उद्यानात भागीदार झाली आणि त्याचं नाव डॉलीवुड झालं. ज्या कौंटीतून पोरं कामासाठी बाहेर पडायची तिथे आता हजारो लोक त्या उद्यानात नोकरीला आहेत. २०१६ साली त्या भागात वणवा पेटून घरं जळाली, तेव्हा तिच्या संस्थेनं प्रत्येक बेघर कुटुंबाला सहा महिने दरमहा हजार डॉलर दिले. २०२० साली कोविडच्या संशोधनासाठी व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयाला दहा लाख डॉलर दिले, मॉडर्नाच्या लशीच्या कामाला त्यातून हातभार लागला.

डॉलीवुडच्या आवारातल्या हॉटेलात एका लाकडी पेटीत तिचं एक गाणं सीडीवर बंद करून ठेवलंय, सोबत ती वाजवायचं यंत्रही. ते उघडायचं २०४५ साली, ती ९९ वर्षांची होईल तेव्हा. गाणं कुणीही ऐकलेलं नाही, आणि ते तसं पडून आहे या विचारानं तिचाच जीव वरखाली होतो. आपणच जाऊन उकरून काढावं असं वाटतं, असं ती म्हणते. अस्सल गीतकार.

पण तिच्या सगळ्या उद्योगांत मला मोठं वाटतं ते पुस्तकांचं काम. १९९५ साली तिनं आपल्या कौंटीत योजना सुरू केली, जन्मल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत प्रत्येक मुलाला दर महिन्याला एक पुस्तक टपालानं घरी, फुकट. आता ती पाच देशांत चालते आणि २० कोटींच्या वर पुस्तकं वाटून झालीत. हे सुचलं बापामुळे. एवढा हुशार माणूस, पण अक्षर कळत नव्हतं, आणि त्याची त्याला आयुष्यभर लाज वाटायची. मुलं डॉलीला 'पुस्तकवाली बाई' म्हणतात याचं त्याला तिच्या सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त कौतुक होतं.

१९८७ साली सेव्हियर कौंटीच्या कोर्टाच्या आवारात डॉलीचा पुतळा बसवला. अनवाणी, मांडीवर गिटार घेऊन खडकावर बसलेली. बापाला विचारलं, तर तो म्हणाला, कबुतरांना बसायला आणखी एक जागा झाली. तो गेल्यावर भावंडांकडून डॉलीला कळलं की म्हातारा रात्री गाडीच्या मागच्या बाजूला साबणाच्या पाण्याची बादली आणि खराटा टाकून कोर्टापाशी जायचा, आणि अंधारात पुतळ्यावरची कबुतरांची घाण घासून काढायचा.